फोटोंचे पैसे कोण देणार?

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारले की आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग नोकरी सोडून काढलेल्या इमारतींच्या फोटोंचे पैसे तुला कोण देणार? मी उत्तर टाळून विषय बदलला, ते चुकलेच. प्रश्न रास्त होता, म्हणून सविस्तर लिहिते.

पैसे मुख्यतः वास्तुविशारद देतात. चित्रकाराला आपले चित्र उचलून दाखवायला नेता येते, इमारत मात्र जागची हलत नाही. त्यामुळे नवे काम मिळवताना, स्पर्धेत भाग घेताना किंवा नियतकालिकाकडे प्रकल्प पाठवताना त्यांची सारी भिस्त छायाचित्रांवर असते. शिवाय त्याच इमारतीची छायाचित्रे कंत्राटदाराला, अंतर्गत सजावट करणाऱ्याला आणि खिडक्या पुरवणाऱ्यालाही हवी असतात. हक्क माझ्याकडे राहतील असे करारात आधीच नमूद केले, तर प्रत्येकाकडून वापराचे वेगळे शुल्क घेता येते. पहिल्या कामात मी हे लिहून घेतले नव्हते आणि माझी छायाचित्रे एका फरशी उत्पादकाच्या माहितीपत्रकात फुकट छापली गेली. आता कोण, कुठे आणि किती काळ वापरणार, हे ठरल्याशिवाय मी कॅमेरा बाहेर काढत नाही.

आई, तुला वाटते की मी दिवसभर बटण दाबत असते. खरे तर दिवसभराच्या कामातून हाती लागतात जेमतेम दहा-बारा छायाचित्रे. उंच इमारत टिपायला कॅमेरा वर कलता केला, की उभ्या भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात; म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी समतल ठेवून ‘शिफ्ट’ लेन्सचे भिंगच तेवढे वर सरकवावे लागते. कोणत्या भिंतीवर किती वाजता ऊन येते, हे पाहण्यासाठी आदल्या दिवशी चक्कर मारावी लागते. बाकीचा वेळ खुर्च्या सरळ करण्यात, तारा लपवण्यात आणि पडद्यांच्या चुण्या सारख्या करण्यात जातो. पाहुणे येण्याआधीची तुझी लगबग आठवावी, असेच ते काम आहे. एवढे करून खरी परीक्षा असते ती सूर्यास्तानंतर, जेव्हा आकाशाचा उतरता उजेड आणि आतल्या दिव्यांचा प्रकाश काही मिनिटेच एकमेकांच्या तोलाचे असतात. ती वेळ चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचे.

छायाचित्रकार ल्युसियाँ एर्वे यांनी १९४९ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे प्रसिद्ध वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीची एका दिवसात ६५० छायाचित्रे काढली आणि कॉर्बुझिए यांना पाठवली. ती पाहून त्यांनी एर्वे यांना आपल्याकडे काम दिले आणि १९६५ मध्ये कॉर्बुझिए यांचे निधन होईपर्यंत ते नाते टिकले. मी नोकरी सोडली, ती असे भाग्य माझ्या वाट्याला येईल या भरवशावर नव्हे. मला या गोष्टीतली अर्धवट इमारत महत्त्वाची वाटते. आराखडे काढण्याच्या नोकरीत चार वर्षे मी सळया, साचे आणि ओल्या भिंती पाहिल्या. त्यामुळे कोणता जिना कशासाठी वळवला आहे, हे मला छायाचित्र घेण्याआधीच कळते. ती वर्षे वाया गेली, असे कृपया समजू नका.

सहा महिन्यांच्या खर्चाची तरतूद केलेली आहे. आठवड्यातले दोन दिवस मी अजूनही आराखड्यांचे काम घेते. शिफ्ट लेन्स फार महाग असल्याने सध्या भाड्याने आणते. कर्ज काढून विकत घेणार नाही.

बाबा, माळ्यावर तुमचा जुना, जड ट्रायपॉड पडला आहे, तो भंगारात देऊ नका. माझा हलका ट्रायपॉड गच्चीवरच्या वाऱ्यात थरथरतो आणि संध्याकाळी शटर काही सेकंद उघडे ठेवून छायाचित्र घेताना तेवढ्यानेही सगळे बिघडते. पुढच्या महिन्यात आले, की तो घेऊन जाईन.

तुमची,
लेक