काका, हे पत्र आमच्या सगळ्या गटाकडून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्ही आता काठीशिवाय जिना उतरता, हे परवा कळलं आणि सगळ्यांनाच हायसं वाटलं. तुम्ही आम्हाला डोंगरात जायला शिकवलंत, त्याबद्दल आभार मानायला गटातल्या सगळ्यांच्या वतीनं हे पत्र लिहिते आहे. ते चारचौघांत लिहायचं ठरवलं, कारण डोंगरात जायची हौस असलेल्या बाकीच्यांनाही कळावं की असंही शिकता येतं.

पावसाळा लागला की मोबाइलवर ट्रेकच्या जाहिरातींचा पाऊस पडतो. पैसे भरा, बसमध्ये बसा, पुढच्याच्या पाठोपाठ चाला, वर फोटो काढा, रात्री घरी. यातले कितीतरी लीडर मनापासून मेहनत करतात, पण बरोबर आलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत एवढंही सांगता येत नाही की आपण डोंगराच्या कुठल्या बाजूनं वर गेलो. तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलंत, "मी तुम्हाला कुठंही नेणार नाही. शिका, आणि मग तुम्ही मला न्या." आमच्यात बँकेतली मी, रुग्णालयातली एक परिचारिका, दोन कॉलेजची पोरं, एक रिक्षाचालक, नुकतेच निवृत्त झालेले एक शिक्षक. एकमेकांची धड ओळखही नव्हती. तुमचं ते वाक्य ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिलं, तेव्हाच आमचा गट झाला असं मला वाटतं.

मुंब्र्याच्या डोंगरातला तो छोटा कातळ आठवतो ना? आम्हाला वाटलं होतं, पहिल्या दिवशी चढायला मिळेल. तुम्ही दिवसभर दोर धरायला शिकवलंत. चढणाऱ्याचं कौतुक सगळे करतात, पण त्याचा जीव खाली बिले देणाऱ्याच्या, म्हणजे त्याचा दोर सांभाळणाऱ्याच्या, हातात असतो, म्हणून आधी तो हात तयार व्हायला हवा, हा तुमचा आग्रह. ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा हात दोरावरून क्षणभरही सुटता कामा नये. नाकावर माशी बसली तरी नाही, घाम डोळ्यांत गेला तरी नाही. "ढील" म्हटलं की दोर सोडायचा, "ताण" म्हटलं की घ्यायचा, आणि चढणाऱ्यानं खालून "तयार" ऐकल्याशिवाय कातळाला हात लावायचा नाही. चढणाऱ्याला दोराशी जोडणारी आठाची गाठ आपली आपण बांधायची, पण तपासायची मात्र दुसऱ्यानं. गाठीतले दोराचे दोन्ही पदर शेजारी शेजारी, कुठंही एकमेकांवर न चढता गेलेत का, हे तो बोटानं चाचपून बघायचा. आमच्या परिचारिका ताई म्हणाल्या होत्या की औषध देण्याआधी आम्हीही असंच दोघींनी वाचतो. तेव्हा तुम्ही त्यांनाच गाठी तपासायच्या कामाची प्रमुख केलंत.

दोरावर पाय पडला की तुम्ही काही बोलायचा नाहीत, नुसते थांबायचा. बुटाखालचे मातीचे बारीक खडे दोराच्या आत शिरतात आणि आतले धागे कापत राहतात, वरून काही दिसत नाही, हे एकदा समजावलंत. त्यानंतर आजतागायत आमच्यातलं कुणी दोर ओलांडतानाही पाय उचलून टाकतं.

नकाशाचा वर्ग मात्र मला सगळ्यांत जास्त आवडला. आपल्या सोसायटीच्या गच्चीवर तुम्ही अर्धा सुरण घेऊन आलात. त्याचे सारख्या जाडीचे आडवे काप केलेत आणि तळापासून एकेक काप कागदावर ठेवून त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवायला लावलीत. सुरण तो, त्यामुळे कडा वेड्यावाकड्या, अगदी सह्याद्रीसारख्या. काप संपले तेव्हा कागदावर एकात एक रेषा उमटल्या होत्या. जिथं रेषा एकमेकींना चिकटल्या तिथं कडा, जिथं लांब गेल्या तिथं माची. मग भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा उघडलात. 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर, आणि तशाच शेजारशेजारच्या दोन रेषांमध्ये 20 मीटरचा चढ. घळ, म्हणजे डोंगरातली खोलगट चीर, आणि सोंड, म्हणजे डोंगराची पुढं आलेली धार, नकाशात कशा ओळखायच्या, हे आमच्या शिक्षक काकांना अर्ध्या तासात इतकं पक्कं झालं की पुढं तेच आम्हाला शिकवायला लागले, आणि तुम्ही मागं जाऊन चहा पीत बसलात. शिकवणारा असा मोकळेपणानं बाजूला होताना मी क्वचितच पाहिला आहे.

याचा खरा उपयोग झाला हरिश्चंद्रगडावर. पायथ्याच्या खिरेश्वरहून पहाटे निघालो, तोलार खिंडीत वाघोबाच्या दगडाला नमस्कार केला, रेलिंगचा कातळटप्पा चढलो आणि वरच्या पठारावर पोहोचतो तोच धुक्यानं सगळं पुसून टाकलं. तो भाग चकवणारा आहे हे सगळे जाणतात. टेकाडं सारखी, ओढे सारखे, आणि गुरांच्या वाटा दहा दिशांना फुटलेल्या. तुम्ही रांगेत सर्वांत शेवटी जाऊन उभे राहिलात आणि तोंड मिटलंत.

मग आम्ही नकाशा पसरला. गडावरचं मंदिर साधारण पश्चिमेकडे, मध्ये उतार, ओढा, पुन्हा चढ, एवढं सगळ्यांनी मिळून पक्कं केलं. होकायंत्र माझ्या हातात होतं. कॉलेजचा एक जण धुक्यात दिसेनासा होण्याच्या बेतापर्यंत पुढं जायचा, मी दिशा धरून त्याला "थोडा डावीकडे, अजून थोडा" असं सांगायची, तो जागेवर उभा राहिला की आम्ही सगळे त्याच्यापर्यंत जायचो आणि पुन्हा तेच. मागचे दोघं पावलं मोजत होते. नकाशात होता तिथंच ओढा आला तेव्हा रिक्षावाले दादा मोठ्यानं हसले, आणि तुम्हीही हसलात. होकायंत्र हातात असलं तरी धुक्यात एकट्या माणसाला समोर खूण धरायला काही दिसत नाही. इथं पुढचा माणूस हीच खूण होती. पुष्करणी आणि मंदिराचा कळस दिसला त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो कुणाच्या मागं चालून कधीच झाला नसता.

परतीच्या वाटेवर, गावाजवळच्या सपाटीवर तुम्ही अचानक त्या बारीक पोराला म्हणालात, "तुझा पाय मोडलाय, बस." दोन बांबू, दोन जाड जॅकेटं, त्यांची झोळी. आम्ही उचललं आणि शेताच्या बांधावरून निघालो. पहिल्याच उतारावर खांदे भरून आले, माणसं बदलावी लागली, पुढं चालणाऱ्यानं प्रत्येक दगड ओरडून सांगावा लागला. बारीक पोर, दिवसाउजेडी, सोपी वाट, तरी एवढा वेळ. अंधारात, पावसात, तोलारच्या उतारावर काय होईल हे सांगायची गरजच उरली नाही. त्या दिवसापासून आमच्यात "तुम्ही व्हा पुढं, मी येतो हळूहळू" हे वाक्य बंद झालं. सगळ्यांत हळू चालणारा सगळ्यांत पुढं, त्याच्या चालीनं बाकीचे.

पावसात ओढा फुगला तर पाणी उतरेपर्यंत अलीकडेच बसायचं, बस चुकली तरी चालेल. मधमाश्यांची पोळी असलेल्या कड्याखाली धूर नाही, आरडाओरडा नाही. साप चावला तर कापाकापी नाही, आवळून बांधणं नाही, हातपाय न हलवता थेट दवाखाना. गावात जेवलो की पैसे आधी विचारायचे आणि घासाघीस करायची नाही. हे सगळं आम्ही पाळतो. आणि या सगळ्यासाठी तुम्ही आमच्याकडून कधी एक रुपया घेतला नाहीत, उलट दोर तुमचा, कमरेला बांधायचे हार्नेस तुमचे, बसचं तिकीटसुद्धा कितीदा तुमचंच.

काका, तुमचे मनापासून आभार. तुमच्यामुळे आम्हाला डोंगर मिळाला आणि एकमेकांवर भार टाकण्याइतकी जवळची माणसंही मिळाली.

आता एक विनंती. पावसाळ्यानंतर आम्ही नवी तुकडी सुरू करतो आहोत, सोसायटीतल्या आणि शेजारच्या वस्तीतल्या मुलींची. बिलेचा वर्ग परिचारिका ताई घेतील, नकाशाचा शिक्षक काका. गाठींचा पहिला वर्ग मात्र तुम्हीच घ्यावा असं सगळ्यांचं म्हणणं आहे. तो गच्चीवरच ठेवला आहे आणि लिफ्ट चालू आहे. तुमचा दोरही आता जुना झालाय, नवा घ्यायला आम्ही पैसे जमवलेत. कोणता घ्यायचा ते सांगायला दुकानात बरोबर याल ना? रविवारी रिक्षा तुमच्या दारात येईल.

आपली,
गटातली होकायंत्रवाली