आधी धान्य, मग वही

सोलापूर, पूर्व भाग

प्रिय सुमन,

तुझं पत्र मिळालं. भिवंडीच्या लूमवाल्या वस्तीत बायकांचा बचत गट उभा करायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. सुरुवात कशाने करू, असं विचारतेस. पैसे नंतर गोळा कर, आधी धान्याचं बघ. गावाहून आलेल्या नव्या बिऱ्हाडाचा पहिला महिना किराण्याच्या उधारीवर गेला की ती उधारी वर्षभर मानगुटीवर बसते.

गावाकडचं रेशनकार्ड रद्द करून इथे नवं काढा, असं एजंट हमखास सांगतात. ते कुणाला ऐकू देऊ नकोस. नाव कमी होऊन नवं कार्ड हातात पडेपर्यंत महिने जातात, तोवर दाणा मिळत नाही. कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य गटातलं असलं आणि आधार जोडलेला असला, तर तेलंगणाचं असो की उत्तर प्रदेशचं, कुठल्याही रेशन दुकानात चालतं. आपल्याकडे कार्डाच्या रंगावर जाऊ नकोस, शिक्का बघ. केशरी कार्डांतली काही प्राधान्य गटात असतात, काही नसतात. प्राधान्यला माणशी ५ किलो, म्हणजे पाच जणांचे २५. तिघं इथे आणि म्हातारी दोघं गावी असतील तर इथे १५, तिथे १०. मात्र महिना लागताच गावी फोन करून ठरवायला हवं. तिकडे सगळं उचललं गेलं की इथे दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनवर काहीच शिल्लक दिसत नाही आणि दुकानदाराशी उगाच भांडण होतं.

आणखी एक. विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांची टोकं पानं दुमडून दुमडून गुळगुळीत होतात, मशीन ठसाच घेत नाही. कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या कुणाचाही अंगठा चालतो, म्हणून म्हातारीला एकटीला पाठवू नका.

शाळेचं सोपं आहे. दाखला नाही म्हणून ६ ते १४ वयाच्या पोराला परत पाठवता येत नाही, कायदाच तसा आहे. दाखला मागाहून आणता येतो.

आता गट. भिशी सगळ्यांना माहीत असते, पण भिशीत पैसा पाळीने मिळतो आणि आजारपण काही पाळी बघून येत नाही. गटात गरज बघून देता येतं. १५ जणींनी महिना १०० रुपये टाकले तर सहा महिन्यांत ९,००० जमतात. ते सगळे एकीलाच देऊ नका, सुरुवातीला ३,००० ची मर्यादा ठेवा. महिना शेकडा २ ने, ५०० चा हप्ता आणि उरलेल्या मुद्दलावर व्याज: ६०, ५०, ४०, ३०, २०, १०. सहा महिन्यांत व्याज झालं २१०, आणि तेही गटातच राहिलं. सावकाराने शेकडा १० लावले तर तेवढ्यात १,८०० जातात आणि मुद्दल जिथल्या तिथे. हा हिशेब पहिल्याच बैठकीत खडूने फरशीवर मांडून दाखव. बायका मान हलवत नाहीत, बोटांवर पुन्हा मोजतात, आणि तेच हवं.

बैठक पगाराच्या दिवशीच संध्याकाळी घ्या. दोन दिवस गेले की पैसे घरात जिरतात. पेटीची किल्ली एकीकडे, वही दुसरीकडे. गट मोडतो तो बहुधा वहीपायी: सचिव घरी बसून सवडीने नोंदी करते, एखादा हप्ता राहून जातो आणि संशय शिरतो. नोंद बैठकीतच व्हावी, मोठ्याने वाचली जावी, आणि ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेलुगूतही सांगितली जावी. एकीच्या नावावर दुसरीने कर्ज उचलणं पहिल्या दिवसापासून बंद. जाऊ-नणंदांत हे फार चालतं, आणि थकलं की दोघीही बैठकीला यायच्या बंद होतात.

बँकेत खातं काढण्याआधी प्रत्येकीची कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून बघ. तेलुगू घरांत आडनावाचं नुसतं पहिलं अक्षर नावाच्या आधी लावतात, आपल्याकडे नवऱ्याचं नाव मध्ये येतं. आधारवर एक आणि रेशनकार्डावर दुसरं असलं की अर्ज परत येतो.

सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. इकडे आलीस की तुला तिथे नेते. तोवर वहीचं पहिलं पान भरलंस की फोटो पाठव, बेरजा मी तपासते.

तुझी,
शैला