स्पीकर की मी?

सिकंदराबाद,
बतुकम्माचा सहावा दिवस

कुंदे,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून शिव्या घातल्या असशील. घाल. माझा गुडघा आहे तसाच, ह्यांची साखर आटोक्यात. आज बतुकम्मा, म्हणजे इथली नऊ दिवसांची फुलांची गौर, रुसते. नैवेद्य नाही, खेळ नाही, म्हणून हात मोकळे. (रुसणं म्हटलं की तूच आठवतेस. भोंडल्यात पहिलं गाणं मी धरलं म्हणून अबोला धरलास, आठवतंय?)

तर ऐक. खालच्या अक्कांचा आवाज बसलाय. आमच्या चौकात गाणं सांगायच्या त्या. त्यांनी ओळ म्हणायची, वाकून टाळी द्यायची. बाकीच्यांनी फेर सरकवत ‘उय्यालो’ म्हणायचं. मध्येच कुणाच्या नव्या सुनेला ओळीत ओढायच्या, की ती लाजून फेर चुकायची. यंदा सर्वपित्रीलाच, म्हणजे पहिल्याच दिवशी, पोरींनी स्पीकर लावला. २०१४ ला तेलंगण झालं, हा राज्याचा सण झाला, आता रेकॉर्डची गाणी उदंड. पण रेकॉर्ड दम खायला थांबत नाही गं! म्हाताऱ्या दोन फेऱ्यांत बाजूला, आणि फुलांच्या ताटांभोवती नुसत्या उड्या.

काल आम्ही ताटात तरवड आणि कुरडू रचत होतो. इथे कुरडूचे तुरे रंगात बुडवून वाळवतात, बोटं अजून जांभळी आहेत माझी. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "अष्टमीला सद्दुला, शेवटचा दिवस. तू सांग गाणं." सगळी पाठ आहेत मला, त्यांना ठाऊक आहे. लगेच शेजारून आलं, "आता मराठी बाई आमच्या गौरम्माला गाणं सांगणार?" अक्कांनी मान वर केली नाही. मी हसले, पण रात्री डोळ्याला डोळा नाही.

तिचं तरी चूक कसं म्हणू? आपल्या भोंडल्यात कुणी परकी पुढे झाली असती, तर तू हत्ती पाटासकट उचलून घरी नेला असतास! पण राग येतो तो याचा की सद्दुलाचा चिंचेचा भात, तिळाचा भात, दहीभात माझ्या हातचा चालतो. पळी चालते, तोंड चालत नाही. आणि मी नाही म्हटलं की स्पीकर आहेच. अक्का खुर्चीत बसून तो ऐकतील, हे मला बघवणार नाही.

बाकी, लेकीचं कुठे जमलं का? तुझ्या बदलीचं काय? आईंना नमस्कार.

पत्र वेळेत पोचलं तर फोन कर. ‘तुझ्या मनाला येईल ते कर’ असलं गुळमुळीत बोलणार असशील, तर नको करूस.

तुझी,
मंदा