पहिल्या बातमीचा शेवटही छापा

महोदय,

एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅब या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेची बातमी आली, तिचं कात्रण मी दुकानाच्या गल्ल्यात जपून ठेवलं होतं. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा सुमारे २०७ पट जड भाऊबंद. चुंबकीय क्षेत्रात तो भोवऱ्यासारखा डुलतो. ते डुलणं गणितापेक्षा किंचित जास्त भरलं, म्हणजे एखादा न दिसणारा ‘डार्क’ कण त्याला ढोसत असेल, असा तर्क होता. यंदा नातीने विज्ञान प्रदर्शनासाठी त्याच कात्रणावरून तक्ता केला. त्याच प्रयोगाचा अखेरचा निकाल ३ जून २०२५ला लागल्याचं मला नंतर कळलं, तेही पुतण्याने मोबाइलवर इंग्रजीतून वाचून दाखवलं तेव्हा. मराठीत तो माझ्या तरी वाचनात आला नाही.

मी नाशिकच्या सराफ बाजारात चाळीस वर्षं काटे दुरुस्त करतो. फरक आला की आधी काट्याची धार बघायची, मग पासंग, मग काचेच्या पेटीत वारा शिरतो का ते. एका सराफाकडे सोनं दर वेळी दहा मिलिग्रॅम कमी भरायचं. तीनदा काटा खोलला, दोष सापडेना. शेवटी त्यांचं पितळी वजन भिंगाखाली धरलं, तर बुडाला घामाचं काळं किटण. चिमटा न लावता हातानेच उचलायची सवय. काटा खरा होता, वजन जड झालं होतं.

फर्मीलॅबमध्येही काटा खराच निघाला. अनिश्चितता एक अब्जात अवघी १२७ भाग! बदललं ते ताडून बघायचं गणित. त्यातला क्वार्कांचा, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांचा, हिस्सा पूर्वी दुसऱ्या प्रयोगांच्या आकड्यांवरून काढत. आता तो महासंगणकावर थेट काढला आणि तफावत उरली नाही. त्या जुन्या आकड्यांचा आपसात मेळ का बसत नाही, हे मात्र अजून सुटलेलं नाही.

म्हणून डार्क कण नाहीतच, असंही कुणी छापू नये. अणुगर्भातून सुटलेला न्यूट्रॉन काही वेळाने विघटतो. असे न्यूट्रॉन बाटलीत कोंडून किती उरले ते मोजलं, तर त्यांचं सरासरी आयुष्य ८७८ सेकंद येतं. झोतात, विघटनातून निघणारे प्रोटॉन मोजून काढलं, तर ८८८च्या आसपास. शंभरातला एखादा न्यूट्रॉन प्रोटॉन न देता डार्क कणात विरत असेल, असं २०१८ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी सुचवलं. सिद्ध झालेलं नाही, पण केवढा विलक्षण विचार! आणि आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली खोलवर, आपल्या आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी टिपलेल्या, कणांच्या काही चमत्कारिक घटना १९७५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांचा पक्का उलगडा आजही नाही. सोनं तोलणाऱ्या बाजारात बसूनही मला हे साठीनंतर कळलं.

कृपया फर्मीलॅबचा अखेरचा निकाल सविस्तर छापा. नातीचा तक्ता अजून वर्गाच्या भिंतीवर आहे. नवं कात्रण मी स्वतः शाळेत नेऊन जुन्याशेजारी चिकटवणार आहे.

आपला,
एक काटे दुरुस्ती कारागीर, सराफ बाजार, नाशिक