सतरा नंबरचं बोअर

डिचोली, रविवार

प्रिय बंड्या,

तीन वर्षं ना फोन ना पत्र, आणि आज एकदम कागदावर. आधी शिव्या घालून घे, मग पुढं वाच. माझी तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, एवढंच.

आपल्या लोखंडाच्या खाणीत पंप बसणार आहेत. ५ ऑक्टोबर २०१२ ला सुप्रीम कोर्टानं काम थांबवलं, मधे थोडी धुगधुगी आली, मग २०१८ मध्ये गोव्यातल्या ८८ लीज (खाणपट्टे) एका फटक्यात गेल्या. तेवढ्यात आपला खड्डा भरला. खाणीतल्या ज्या बेंचवर, त्या पायरीवर, माकडांनी तुझा डबा पळवला तो आता पाण्याखाली आहे. खालच्या वाड्याची बागायत त्याच पाण्यावर चालते. पण लिलाव झालाय, नवी माणसं आलीत, आणि उपसल्याशिवाय त्यांना खनिज कसं मिळणार?

परवा त्यांचा पोरगा जिऑलॉजिस्ट घरी आला. बूट दाराबाहेर काढले त्यानं. आपण कधी काढले होते रे कुणाच्या दारात? जुने बोअर लॉग, म्हणजे कुठल्या खोलीवर काय लागलं त्याच्या नोंदी, मागत होता. 'बघतो' म्हटलं. तो गेल्यावर ट्रंक उघडली, तर वरच सतरा नंबर.

याच्यावरूनच तू आठ महिने माझ्याशी बोलला नव्हतास. (हातोडा मात्र माझाच वापरत होतास. अजून दिलेला नाहीस.) वर चिरा, म्हणजे जांभा दगड, त्यात मुरलेल्या पावसावर गावच्या विहिरी. खाली पाणी न सोडणारी चिकणमाती. त्याखाली आपली भुकटी, लोखंडाचं खनिज. अडीच अब्ज वर्षांहून जुना पट्ट्यापट्ट्यांचा खडक, एक पट्टा लोखंडाचा, एक गारगोटीचा. पाण्यानं सिलिका विरघळवून नेली, लोखंड राहिलं, दगडाचा भुगा झाला. नुसता स्पंज, पाण्यानं तुडुंब. तू म्हणायचास, आपण खनिज काढत नाही, टाकी फोडतोय. मी म्हणायचो, वरची टाकी वेगळी, खालची वेगळी, मधे माती आहे ना!

सतरामध्ये ती नव्हती. चिरा संपला की थेट भुकटी.

मी रिपोर्टात लिहिलं, 'कोअर रिकव्हरी कमी', म्हणजे बोअरमधून नमुना पुरता वर आलाच नाही. तसं खोटंही नव्हतं, ड्रिलिंगमध्ये मऊ माती वाहून जातेच. शिवाय एका बोअरवरून काय ठरतं? पण तिसऱ्या उन्हाळ्यात वरच्या वाड्यातल्या विहिरी आटल्या आणि पाण्याच्या टँकरच्या चिठ्ठीवर सही माझी होती. तू ती सही बघून हसलास. ते हसणं मी तुला अजून माफ केलेलं नाही. खाण बंद पडली, खड्डा भरला आणि त्या विहिरींना परत पाणी आलं. आता त्यांच्या कट्ट्यावर कळशा दिसल्या की मी दुसऱ्या वाटेनं जातो.

लॉग दिला तर पोरगा विचारणारच, तेव्हा असं का लिहिलंत? घरच्यांना मी अजून सचोटीचा माणूस वाटतो. आणि देऊनही तो फायलीत तळाशी गेला तर? आपणच कितीदा तसं केलंय.

नातीच्या बारशाला आलो नाही, चुकलं. वहिनींचा मोतीबिंदू झाला का? मुलाला नोकरी लागल्याचं कळलं, बरं वाटलं.

एक काम कर. सतराच्या लॉगचा कोपरा वाळवीनं खाल्लाय, चिरा कुठं संपला तो खोलीचा आकडाच गेलाय. तू तेव्हा चिडून आपल्या वहीत उतरवून घेतला होतास. तो कळव. पोरगा मंगळवारी यायचाय.

तुझा,
दादू