लीज्ड लाईनचे क्लॉक कोण देणार, हे लेखी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातले कार्यालय आणि हिंगणा किंवा बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतली शाखा यांना थेट जोडणाऱ्या लीज्ड लाईनची देखभाल करणे, हा माझा व्यवसाय आहे. या कामात एक तक्रार वारंवार समोर येते. लाईन चालू दिसते, लहानसा पिंग (चाचणीचा संदेश) व्यवस्थित परत येतो, पण महिनाअखेरीची मोठी फाईल पाठवायला घेतली की ती मध्येच अडकते. लाईन देणारी कंपनी राउटरकडे (लाईनच्या टोकाला माहितीची ने-आण करणाऱ्या यंत्राकडे) बोट दाखवते, राउटर विकणारा लाईनकडे, आणि बिल मात्र ग्राहक भरत राहतो. अशा पुष्कळ प्रकरणांत केबलही धड असते आणि राउटरही. दोन्ही टोकांनी कोणाच्या क्लॉकवर, म्हणजे बिटांचा ठेका धरणाऱ्या घड्याळावर चालायचे, एवढेच कोणी ठरवलेले नसते.

ई-वन या प्रकारच्या लीज्ड लाईनवरून सेकंदाला २०,४८,००० बिट जातात आणि पलीकडच्या राउटरने प्रत्येक बिट कोणत्या क्षणी वाचायचा, हे क्लॉकवर ठरते. दोन्ही राउटर ‘इंटर्नल’वर, म्हणजे आपापल्या घड्याळातल्या स्फटिकाच्या भरवशावर ठेवले, तर त्यांचा वेग तंतोतंत सारखा कधीच राहत नाही. ई-वनच्या मानकात दहा लाखांमागे ५० इतका फरक चालतो. दोन टोके विरुद्ध दिशांना तेवढी सरकली तर सेकंदाला सुमारे २०० बिटांची तफावत पडते, आणि एक फ्रेम (बिटांचा ठरावीक गठ्ठा) २५६ बिटांची असल्यामुळे साधारण दर सव्वा सेकंदाला एक फ्रेम गळते किंवा दोनदा वाचली जाते. यालाच आम्ही स्लिप म्हणतो. प्रत्यक्षातली तफावत बहुधा याहून कमी असते, म्हणूनच दोष लवकर सापडत नाही. शिवाय वाहतूक नसताना लाईनवर केवळ भरतीचे बिट फिरत असतात; त्यांतले काही गळले तरी एकही पॅकेट खराब होत नाही, आणि रात्री तपासायला आलेला माणूस सीआरसीच्या (पॅकेट बिघडले का, या तपासणीच्या) त्रुटी शून्य पाहून ‘लाईन ओके’ असा शेरा मारून जातो. सिस्कोच्या राउटरवर ‘शो कंट्रोलर्स ई-वन’ हा आदेश दिल्यावर मात्र एकही अलार्म नसताना पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदींत ‘स्लिप सेक्स’ (स्लिप झालेले सेकंद) या रकान्यात आकडे चढलेले दिसतात.

उपाय दोन ओळींचा आहे, पण तो अंदाजाने करता येत नाही. कंपनी स्वतःच्या यंत्रणेतून क्लॉक पुरवत असेल, तर दोन्ही राउटर ‘लाईन’वर, म्हणजे लाईनमधून येणाऱ्या क्लॉकवर ठेवावे लागतात. तीच ई-वन एसडीएचमधून (कंपनीच्या फायबरवरच्या वहन-जाळ्यातून) क्लॉकसकट जशीच्या तशी पलीकडे पोहोचवली जात असेल, किंवा मध्ये फक्त स्वतःची तांब्याची जोडी अथवा फायबर असेल, तर एक टोक ‘इंटर्नल’ आणि दुसरे ‘लाईन’ हवे. तिथे दोन्ही टोके ‘लाईन’वर ठेवली, तर दोघेही एकमेकांच्या मागे धावतात आणि आधार कोणाचाच उरत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला आपली लाईन यांपैकी कोणत्या प्रकारची आहे हे कळत नाही; ते सांगू शकते ती फक्त लाईन देणारी कंपनी.

शिक्षणातही इथे एक उणीव राहते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. प्रयोगशाळेत दोन राउटर व्ही.३५ प्रकारच्या केबलने समोरासमोर जोडतात आणि डीसीई, म्हणजे क्लॉक देणाऱ्या टोकावर ‘क्लॉक रेट ६४०००’ (सेकंदाला ६४,००० बिटांचा क्लॉक द्या) हा आदेश लिहायला शिकवतात. ते तिथे बरोबरच आहे. पण बाहेर मोडेम डीसीई असतो, दोन्ही राउटर डीटीई, म्हणजे क्लॉक घेणारे असतात, आणि तो आदेश कुठे द्यायचा हे शोधण्यात नव्या मुलांचा अर्धा दिवस जातो. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि तंत्रनिकेतनांनी मोडेम मध्ये ठेवून एक प्रयोग जरूर करून घ्यावा.

लाईन ताब्यात देताना ज्या कागदावर ग्राहकाची सही घेतात, त्यावर क्लॉक कोण देणार आणि दोन्ही टोकांची सेटिंग काय, असे दोन रकाने कंपन्यांनी छापावेत. बँका, रुग्णालये आणि सरकारी कार्यालये यांच्या खरेदी विभागांनी ते भरल्याशिवाय कागद स्वीकारू नये. सही करण्यापूर्वी राउटरवरचे स्लिपचे जुने आकडे पुसून, भर दिवसा एक मोठी फाईल दोन्ही दिशांना पाठवून, पंधरा मिनिटांची एक पूर्ण नोंद स्लिपविना गेलेली स्वतः पाहावी.

आपला विश्वासू,
एक नेटवर्क तंत्रज्ञ, नागपूर