आईचा कॉम्प्युटर आणि किमतीची बोलणी

पुणे, जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आईच्या दुकानातल्या नव्या कॉम्प्युटरचं कोटेशन बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय. फोनवर सगळं धड बोलता येत नाही, मधेच दुकानात गिऱ्हाईक येतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

बाबा, तुम्ही म्हणालात, "ऑनलाइनला कसली घासाघीस, लिहिलाय तोच भाव." ते अर्धंच खरं आहे. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्टवर बोलायला समोर माणूस नसतो. तिथे कूपन लावा, बँकेच्या कार्डाची सूट घ्या आणि मोकळे व्हा. पण कंपनीच्या स्वतःच्या साईटवर चॅट असतं, फोन नंबर असतो आणि पलीकडच्या माणसाला थोडंफार सोडायची मुभा असते. धंद्यासाठी घेतोय म्हणून सांगितलं, जीएसटी नंबर दिला, की तो आपल्याला छोट्या व्यावसायिकांच्या विभागाकडे जोडून देतो. खरी बोलणी तिथे होतात.

साईटवर भाव होता ६४,९९०. २४ इंची मॉनिटर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, वॉरंटी एक वर्ष. मी सुरुवातीला भावाचा विषयच काढला नाही. पूर्ण मॉडेल नंबर लिहिला, आपला पिनकोड दिला आणि विचारलं की बिघाड झाला तर इंजिनिअर सोलापुरात दुकानावर येणार, की मशीन पुण्याला पाठवावं लागणार? असं विचारलं की समोरच्याला कळतं, हे घेणारं गिऱ्हाईक आहे, नुसतं भाव काढत फिरणारं नाही. मग सांगितलं की हेच मशीन दुसरीकडे ६२,४९० ला आहे, आणि लिंक पाठवली. "मॅम, आमची हीच बेस्ट प्राइस आहे." मी लिहिलं, "हरकत नाही, याच भावाचं कोटेशन मेल करा. वडिलांना दाखवते, ते ठरवतील." बराच वेळ काही उत्तर नाही. मग आलं, "सुपरवायझरशी बोलून उद्या पाठवतो."

दुसऱ्या दिवशी जे आलं तेच तुम्हाला पाठवलंय. ५२,००० अधिक जीएसटी ९,३६०, एकूण ६१,३६०. आणि वॉरंटी तीन वर्षं, इंजिनिअर दुकानावर येऊन. भावात साडेतीन हजार सुटले त्यापेक्षा मला या वॉरंटीचा जास्त आनंद झाला. रोख रक्कम सोडायची तर त्याला वर विचारावं लागतं. वॉरंटी, कीबोर्ड, माऊस असलं द्यायला तेवढं जड जात नाही. म्हणून एक आकडा अडला की तिथेच डोकं लावत बसायचं नाही, दुसरं काहीतरी मागायचं.

हे आत्ताच का केलं, तेही सांगते. डेलचं आर्थिक वर्ष जानेवारीच्या अखेरीला संपतं, एचपीचं ऑक्टोबरअखेर, लेनोव्होचं आपल्यासारखं मार्चअखेर. वर्ष किंवा तिमाही संपत आली की विकणाऱ्यावर टार्गेटचा भार असतो. मार्चमध्ये टॉवेलचा माल अंगावर राहिला की तुम्ही जुन्या पार्टीला डझनामागे दोन रुपये सोडता ना, तसंच हे. अशा वेळी 'हो' ऐकायला ते आपल्यापेक्षा जास्त आतुर असतात.

आई, तू म्हणालीस दसऱ्यापर्यंत थांबू, तेव्हा सेल लागतात. एरवी मीही तेच म्हटलं असतं. पण गेल्या वर्षअखेरीपासून रॅमचे भाव चढतायत. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी चिपा उचलल्या जातायत, त्यामुळे थांबून स्वस्त मिळेल याचा मला भरवसा वाटत नाही. आणि गड्ड्याच्या जत्रेला आले तेव्हा वीस तारखेच्या जीएसटी रिटर्नसाठी तुला त्या जुन्या मशीनपुढे बसलेली पाहिलं मी. हिशेबाचं टॅली उघडेपर्यंत तू चष्मा काढून पदरानं पुसलास, परत घातलास, तरी स्क्रीन पांढराच. तुझी रात्र अशी वाट बघण्यात जावी हे मला नको आहे. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलाय आणि त्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही. सगळ्या पार्ट्यांचे हिशेब त्यावर ठेवणं बरं नाही. बाबांचे मित्र सेकंडहँड देतो म्हणालेत, त्यांना प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे एवढं विचारा. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर तिथेही हीच अडचण.

'नो कॉस्ट ईएमआय'चं विचारलं होतंस. त्यात व्याज माफ होत नाही. व्याजाएवढी रक्कम किमतीतून आधी वजा करतात आणि बँक ती हप्त्यांतून वसूल करते. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी. आपण एकरकमी देणार आहोत, तेव्हा "ईएमआयवाल्याला जी सूट देता ती आम्हाला रोखीत द्या" असं म्हणायला जागा आहे. हे मी मुद्दाम अजून बोललेले नाही, तुमच्यासाठी ठेवलंय.

ऑर्डर देतानाच जीएसटी नंबर आणि फर्मचं नाव बरोबर टाकायचं. बिल एकदा वैयक्तिक नावानं निघालं की ९,३६० चं क्रेडिट, म्हणजे आपल्या जीएसटीतून वजा मिळणारी रक्कम, अडकतं. माल परराज्यातून निघाला तर बिलावर आयजीएसटी दिसेल, घाबरू नकोस, क्रेडिट तसंच मिळतं. घसारा काढताना ही रक्कम धरायची नाही, हे मी तुला काय सांगणार!

बाबा, एक विनंती. हेच कोटेशन घेऊन नवी पेठेत आपल्या नेहमीच्या दुकानदाराकडे जा. मॉडेल नंबरची शेवटची अक्षरंसुद्धा जुळतात का बघा, कारण एकाच नावाखाली ८ जीबीचंही मशीन येतं. तो दोन हजारांच्या फरकापर्यंत आला आणि तीन वर्षांची वॉरंटी कंपनीचीच असेल, तर त्याच्याकडूनच घ्या. नवरात्रात प्रिंटर बंद पडला तेव्हा तोच रात्री स्कूटरवर आला होता. तो माणूस आपल्याला टिकवायचाय. मात्र भाव दाखवताना त्याला कमीपणा वाटेल असं बोलू नका, "तुम्हाला जमेल तेवढं करा" एवढंच म्हणा.

तो नाहीच म्हणाला तर शुक्रवारच्या आत कंपनीला फोन करायचा, कोटेशनची मुदत तोवरच आहे. नंबर कोटेशनवरचाच घ्या, गुगलवर शोधून नको. पैसे कंपनीच्या साईटवरूनच भरायचे. कुणी "यूपीआयवर थेट पाठवा, आणखी दोन हजार कमी करतो" म्हणाला तर फोन ठेवून द्या. आणि कुणी फसवलंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवायचं.

हा शेवटचा फोन बाबा, तुम्हीच करा. चाळीस वर्षं तुम्ही भाव ठरवत आलात. मी ६१,३६० पर्यंत आणलंय, ६० च्या आत तुम्ही आणाल.

तुमची लेक

ता. क. आई, नवीन मशीन येईपर्यंत टॅलीचा बॅकअप रोज पेनड्राइव्हवर घे, आणि तो पेनड्राइव्ह दुकानात नको, घरी ठेव.